पिकअपला मोठे टायर: आधी भार पाहा, मग उंची

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पिकअपचे टायर झिजले की बदलताना ‘एक साइज मोठे’ घ्यावेत, गाडी उंच होते आणि शेतरस्त्याला बरी पडते, असा सल्ला आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर छापून आला. तो सरसकट चुकीचा नाही, पण त्यात किती मोठे, कोणत्या रिमवर आणि किती भाराचे, यातले काहीच नव्हते. गाडीला उंची वाढवणारे लिफ्ट किट नाही, मडगार्ड कापलेले नाहीत, रिम कंपनीचीच आहे, अशा पिकअपपुरते आम्ही इथे लिहितो. बहुतेकांच्या दारात उभी असते ती गाडी हीच.

टायरवरचा आकडा आधी नीट वाचू. इसुझू डी-मॅक्सच्या सोळा इंची रिमवर २४५/७० आर१६ येतो. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १७१.५ मिमी. ती वरची आणि खालची मिळून ३४३ मिमी. त्यात रिमचे ४०६ मिमी मिळवले की टायरची एकूण उंची सुमारे ७४९ मिमी येते. याच रिमवर २५५/७० घेतला तर उंची ७६३ मिमी होते, म्हणजे १.९ टक्के वाढ. २४५/७५ घेतला तर ७७४, वाढ ३.३ टक्के. २६५/७० ला ७७७, वाढ ३.७ टक्के. आणि फोटोत रुबाबदार दिसणारा २६५/७५ घेतला तर ८०४ मिमी, वाढ ७.३ टक्के.

आता उंचीचा हिशेब. टायर जितका मोठा, त्याच्या निम्मीच गाडी उचलली जाते, कारण धुरा चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे २६५/७० ने गाडी १४ मिमी वर जाते आणि २४५/७५ ने १२ मिमी. अर्ध्या इंचाच्या आसपास. दुकानात जुन्या टायरशेजारी नवा उभा केला की फरक याहून मोठा दिसतो, कारण जुन्या टायरची नक्षी सहा मिलिमीटर झिजलेली असेल तर तो मुळातच १२ मिमीने बुटका झालेला असतो. कंपनीच्याच मापाचा कोरा टायर घातला तरी हे १२ मिमी परत मिळतात. ऊस वाहून चाकोऱ्या पडलेल्या पाणंदीत डिफरन्शिअल (धुऱ्याच्या मधला गिअरचा गोळा) टेकत असेल, तर या अर्ध्या इंचाने त्यातली थोडीच अडचण सुटते.

पाच-सात टक्के वाढवले तर काय बिघडते? अलीकडे बिनबदलाच्या गाडीला आम्ही तीन ते साडेतीन टक्क्यांची मर्यादा धरतो. कारण असे की बहुतेक गाड्यांचा स्पीडोमीटर मुळात खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. टायर तीन टक्के वाढला की ती फट भरून निघते आणि काटा खऱ्याच्या जवळ येतो. सात टक्के वाढला की काटा कमी दाखवू लागतो. काट्यावर ८० आणि रस्त्यावर ८३, असे होते. आपल्या गाडीत किती फट आहे ते पाहायला मोकळ्या रस्त्यावर ६० चा स्थिर वेग धरावा आणि शेजारी बसलेल्याने मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग वाचावा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये.

मालवाहू पिकअपला यात आणखी एक भानगड असते. तिचा वेगनियंत्रक ताशी ८० किमीला बसवलेला असतो, आणि तोही चाकाच्या फेऱ्याच मोजतो. टायर मोठा झाला की नियंत्रकाचे ८० हे खरे ८० राहत नाहीत.

किलोमीटरही कमी मोजले जातात. ‘मोठे टायर घातले आणि ॲव्हरेज गेले’ ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी असते. मीटरवर ५०० किमी आणि ४२ लिटर डिझेल म्हणजे ११.९ चे ॲव्हरेज. पण टायर ३.३ टक्के मोठा असेल तर गाडी प्रत्यक्षात ५१६ किमी धावली, म्हणजे ॲव्हरेज १२.३. उरलेली घट खरी असते. ती जाड नक्षी, वाढलेले वजन आणि रुंदी यांमुळे येते. ऑइल बदलण्याचे किलोमीटरही त्याच प्रमाणात आधी धरावेत.

गिअरिंगचा परिणाम लोक विसरतात. डिफरन्शिअलचे प्रमाण ४.१ असेल तर ३.३ टक्के मोठ्या टायरने ते ३.९७ असल्यासारखे वागते, ७.३ टक्के मोठ्या टायरने ३.८२ असल्यासारखे. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. टनभर माल भरून चढावर गाडी उचलताना क्लच जास्त वेळ घासला जातो, आणि क्लच प्लेट लवकर जाण्याचे कारण गॅरेजमध्ये भलतीकडेच शोधले जाते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवायचे, त्याच गिअरमध्ये ती पकड टायर वाढला त्या प्रमाणात कमी होते. तेवढे काम ब्रेकवर येते, आणि टायर वजनदार झाल्याने ब्रेकचे काम आधीच वाढलेले असते. एलटी (लाइट ट्रक) प्रकारचा जाड टायर साध्या एसयूव्ही टायरपेक्षा चाकामागे तीन-चार किलो सहज जास्त भरतो.

आता भार. ‘मोठा टायर म्हणजे जास्त ताकद’ हा या विषयातला सर्वात घातक गैरसमज आहे. टायर किती वजन पेलेल ते त्याच्या मापावरून ठरत नाही, लोड इंडेक्सवरून ठरते. मापाच्या पुढे १०५ एस, १०९ टी, ११२/११० असे जे छापलेले असते, त्यातला आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०५ म्हणजे ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १,०३०, ११२ म्हणजे १,१२० आणि १२१ म्हणजे १,४५० किलो. तिरप्या रेषेनंतरचा आकडा मागे जोडटायर असतील तेव्हाचा, त्यामुळे पिकअपवाल्याने पहिलाच धरायचा. शेवटचे अक्षर वेगाचे: क्यू १६० किमी, एस १८०, टी १९०.

समजा मालवाहू पिकअपच्या मागच्या धुऱ्याचा मंजूर भार १,९०० किलो आहे. दोन टायरांत प्रत्येकी ९५० किलो, म्हणजे किमान १०६ इंडेक्स हवा. ज्या पिकअपला पंधरा इंची रिमवर २१५/७५ आर१५ चे जाड एलटी टायर येतात, तिला बरेच जण एसयूव्हीचा २३५/७५ आर१५ घालतात. उंची ७०३ ची ७३३ मिमी होते, गाडी भरदार दिसते. पण तो टायर साधा १०५ इंडेक्सचा असेल तर दोघे मिळून १,८५० किलोच पेलतात. टायर मोठा झाला आणि गाडीची भारक्षमता मात्र ५० किलोने कमी झाली, तीही मंजूर भारातच. वर चढवलेल्या मालाचा हिशेब वेगळा. याच मापात एक्सएल म्हणजे जास्त हवा धरणारा १०९ इंडेक्सचाही टायर मिळतो. दुकानदार ‘तोच साइज’ म्हणून कोणता देतो, ते साइडवॉलवर बोट ठेवून वाचून घ्यावे. जड पिकअपना ७.०० आर१५ सारखे एलटी टायर कंपनीने उगाच दिलेले नसतात. त्यांच्या जागी रुंद, देखणा, पण चार प्लायच्या (थरांच्या) ताकदीचा टायर घालणे म्हणजे भर उन्हाळ्यात भरल्या गाडीचा मागचा टायर फुटायला बोलावणे.

याची दुसरी बाजू सांगायला हवी. खासगी पिकअपला कोणी १२१ इंडेक्सचा दहा प्लायचा एलटी टायर घालतो आणि हवा पूर्वीचीच, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली भरतो. १२१ चे १,४५० किलो ८० पीएसआय हवेला असतात. तो टायर ३४-३५ पीएसआयवर त्यातला बराच कमी भार पेलतो, कारण एलटी टायरचा भार जास्त दाबाच्या हिशेबाने बसवलेला असतो. तेव्हा साध्या टायरवरून एलटीवर जाताना तोच भार पेलायला हवा वाढवावी लागते. किती, ते त्या टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात पाहावे. अंदाजाने भरली तर दोन्हींपैकी एक होते. कमी पडली तर दोन्ही कडा झिजतात आणि साइडवॉल तापते. जास्त झाली तर मधली नक्षी आधी जाते आणि रिकामी गाडी मागून उड्या मारते. हवा सकाळी टायर थंड असताना पाहावी. समृद्धी महामार्गावर तासभर पळून आलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, म्हणून ती काढून टाकू नये.

रिमची रुंदी हाही विसरला जाणारा विषय. प्रत्येक मापाला किती इंच रुंदीची रिम चालते हे ठरलेले असते. २४५/७० आणि २४५/७५ आर१६ ला साडेसहा ते आठ इंच, २६५/७० आर१६ ला सात ते नऊ इंच. रिम सात इंची असेल तर २६५ त्यावर बसतो खरा, पण तो अगदी खालच्या टोकाला. साइडवॉल आत वळते, नक्षीचा मधला भाग फुगतो आणि वळणावर गाडी हलकी हलते. म्हणूनच सोळा इंची सात जे (सात इंच रुंद) रिमवर उंची हवी असेल तर आमचे मत २४५/७५ ला. रुंदी तीच राहते, आतल्या बाजूला घासण्याची भीती कमी, उंची २६५/७० च्या जवळजवळ बरोबरीची. शिवाय महिंद्रा थारला हेच माप येत असल्याने आडगावातही मिळण्याची शक्यता जास्त. मात्र घेताना थारसाठीच्या टायरचा लोड इंडेक्स आपल्या पिकअपच्या टायरपेक्षा कमी नाही ना, हे वर सांगितले तसे पाहावेच. दुसरा सुरक्षित रस्ता म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीने दिलेले माप. डी-मॅक्स व्ही-क्रॉसच्या अठरा इंचीला २५५/६० आर१८ येतो, त्याची उंची ७६३ मिमी. म्हणजे त्या सांगाड्यात तेवढी उंची कंपनीनेच मान्य केलेली आहे. सोळा इंचीवर २५५/७० नेमका तेवढाच येतो.

घासणे. टायर कुठे घासतो हे गाडी सरळ उभी असताना कळत नाही. पुढच्या चाकाला चार जागा तपासायच्या: मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरची मागची कड आणि मडफ्लॅप, पुढच्या बंपरच्या खालची कड, चॅसिसची बाजू, आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट जिथे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) बसतो ती जागा. मागच्या चाकाला सस्पेन्शनच्या पाट्यांची बाहेरची, टायरकडची बाजू. चारही टायर घेण्याआधी एकच पुढे बसवून पाहावा, चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. लायनरच्या आतून आणि चॅसिसवर ओला खडू फासावा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, एकदा पुढे जाताना आणि एकदा रिव्हर्समध्ये, कारण रिव्हर्सला चाक थोडे सरकते आणि पुढे न घासणारा टायर तेव्हा घासतो. मग गाडी फुल लॉकमध्ये (स्टेअरिंग पूर्ण वळवून) हळूच एका चाकाने फुटपाथच्या कडेवर किंवा रॅम्पवर तिरपी चढवावी, म्हणजे त्या बाजूचे सस्पेन्शन दाबले जाते. खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. मऊ लायनरला पूर्ण लॉकवर किंचित स्पर्श झाला तर एक वेळ चालते. धातूला, ब्रेकच्या होजपाइपला किंवा बॉल जॉइंटला जराही लागला तर ते माप सोडून द्यावे. पार्ट आणि टायर यांत बोटभर फट हवीच. मागची तपासणी हौद्यात पूर्ण भार ठेवून करावी. रिकाम्या गाडीत पाटा कमानदार असतो, तेव्हा काहीच कळत नाही.

एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीत काही मिलिमीटरने वेगळे निघतात, आणि ऑल-टेरेन टायरच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात, ते वेगळेच. त्यामुळे ‘मित्राच्या गाडीला बसला’ हे प्रमाण पुरेसे नाही. घासतो म्हटल्यावर स्पेसर (रिम आणि हब यांच्यामधली चकती) घालून चाक बाहेर काढण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो घेऊ नये. चाक बाहेर गेले की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टेअरिंग जड होते, आणि चाक बाहेरच्या मोठ्या वर्तुळात फिरू लागल्याने मडगार्डच्या पुढच्या-मागच्या कडांना घासणे उलट वाढते.

स्टेपनी पाचवी, आणि ती त्याच मापाची. पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शिअल नसते. चार चाकांत एकच वेगळ्या उंचीचे असेल आणि फोर-एचमध्ये (चारही चाके जोडून) कोरड्या डांबरावर गाडी चालवली, तर ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही धुऱ्यांना जोर वाटणाऱ्या पेटीत) पीळ साठतो, लिव्हर अडकतो, पुढे गिअर तुटतात. तीन झिजलेले आणि एक कोरा टायर असला तरी हाच त्रास, कमी प्रमाणात. पिकअपची स्टेपनी बहुधा हौद्याखाली साखळीवर टांगलेली असते. मोठा टायर तिथे सायलेन्सरला किंवा मागच्या क्रॉस मेंबरला लागत नाही ना, आणि साखळी पूर्ण आवळली जाते ना, हे बसवतानाच पाहावे. अर्धवट आवळलेली स्टेपनी खड्ड्यांनी हलत राहते आणि एक दिवस रस्त्यावर पडते.

नक्षीबद्दल थोडेच. काळ्या मातीत पावसाळ्यात रुंद टायर फायद्याचा नाही. ती माती दोन फेऱ्यांत नक्षी भरून टाकते आणि मग कोणताही टायर गुळगुळीत असल्यासारखाच वागतो. अरुंद टायर खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, रुंद वरच तरंगतो. महामार्गावर साचलेल्या पाण्यातही रुंद टायर आधी तरंगतो. कोकणातल्या लाल मुरमाड रस्त्याला आणि डोंगरी दगडाला ऑल-टेरेन नक्षी उत्तम. ज्यांचे ऐंशी टक्के चालणे डांबरावर आहे त्यांनी मड टायर घेऊ नये. आवाज, ओल्या रस्त्यावरची लांबलेली ब्रेकिंग आणि लवकर झीज, तिन्ही पदरात पडते. खरे तर लोकांना मोठ्या टायरकडून जे हवे असते त्यातले बरेचसे कंपनीच्याच मापातल्या चांगल्या ऑल-टेरेन टायरने मिळते.

कायद्याचे लेखात एक वाक्यही नव्हते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. टायरचे माप आणि प्लाय रेटिंग यांना केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र नियम आहे, तो ९५ वा. मालवाहू पिकअपच्या बाबतीत तर टायरची संख्या, प्रकार आणि माप कलम ५८ नुसार नोंदणीतच उतरवलेले असते. म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीने दुसरे माप घातले की कागद आणि गाडी जुळत नाहीत. फिटनेस तपासणीत ते निघते, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर टायरचा फोटो पहिल्यांदा काढतो. त्यामुळे मालवाहू गाडीने माप बदलूच नये, फक्त नक्षी आणि दर्जा बदलावा, असे आमचे ठाम मत आहे. खासगी पिकअपने त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापांत राहावे आणि त्यापलीकडे जायचे तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

खरेदीच्या वेळी साइडवॉलवर आयएसआयची खूण पाहावी. डॉट (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे जवळपासचे असावेत. बसवल्यावर बॅलन्सिंग करावे, अलाइनमेंट तपासावी, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत. नुसत्या गनने ठोकलेले नट एक तर सैल राहतात किंवा स्टड ताणला जातो.

आपल्याकडे एक मागणी आहे. टायरविषयी पुढचा लेख छापताना त्यात सुचवलेल्या प्रत्येक मापासोबत लोड इंडेक्स, चालणारी रिम आणि मूळ मापापासूनची टक्केवारी छापावी. परिवहन विभागानेही प्रत्येक पिकअप मॉडेलला मंजूर असलेली पर्यायी मापे संकेतस्थळावर टाकावीत. तशी यादी असेल तर दुकानात गिऱ्हाइकाला नाही म्हणणे आम्हालाही सोपे जाईल. आज ‘शेजारच्या दुकानात घालून देतात’ या वाक्यापुढे आमच्याकडे दाखवायला कागद नसतो.

आपले,
टायर आणि व्हील अलाइनमेंटच्या धंद्यातले आम्ही काही जण, कोल्हापूर